दोन चमचे, आणि घरी सांगू नका

शुक्रवारी सकाळी पावणेअकराला महेश्वरीच्या फोनवर एक फोटो आला आणि तिचे हातपाय गार पडले. मे महिन्यात लोहाऱ्यात हातपाय गार पडणं ही साधी गोष्ट नव्हे.

फोटोत एक फ्लेक्स होता, छापखान्याच्या फरशीवर पसरलेला. दहा फूट बाय पंधरा फूट. त्यावर जाड भिंगांचा चष्मा, कपाळावर विभूती आणि कानामागे पेन अशा अप्पांचं चित्र. वर ‘अप्पांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा’, खाली ‘शुभेच्छुक : वरची खोली चाहते मंडळ’, आणि मधोमध, धावत्या एसटीतल्या माणसालाही वाचता यावं अशा अक्षरांत, ‘दोन चमचे साखर, आन् घरी सांगू नका!’ सोबत संदेश होता. ‘ताई, सरप्राइज! रविवारी तुमच्या चौकात लावतोय. सोमवारी एक जून, आम्ही सगळे अप्पांना भेटायला घरी येणार. धनाजी, भूम.’

अप्पा, म्हणजे मल्लिनाथप्पा, म्हणजे महेश्वरीचे वडील, यांना लिंगैक्य होऊन दीड वर्ष झालं होतं. पण ती घाबरली ते त्यामुळे नाही. गेलेल्या माणसाचं आणखी वाईट काय व्हायचं राहिलेलं असतं? ती घाबरली ते साखरेमुळे.

भीती हे त्या घराचं वतनच होतं. मल्लिनाथप्पा चाळीस वर्षं तहसील कचेरीसमोर अर्जनवीस म्हणून बसले. दुसऱ्यांच्या वतीनं त्यांनी साहेबांना खडसावलं, मंत्र्यांना स्मरणपत्रं धाडली, ‘अन्यथा सहकुटुंब उपोषणास बसेन’ असं अनेक कुटुंबांच्या वतीनं बजावलं. स्वतः मात्र घराला कुलूप लावल्यावर ते चारदा ओढून बघायचे, त्यामुळे दर दोन वर्षांनी कोयंडा निखळायचा. एसटीत ते दाराजवळची जागा धरायचे, गाडी उलटली तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. आणि दार उघडलं तर बाहेर पडू नये म्हणून समोरची दांडी दोन्ही हातांनी पकडून बसायचे. त्यांच्या धंद्याचा एकच नियम होता. अर्जात आपल्या पदरचं अक्षर घालायचं नाही. प्रत्येक अर्जाच्या तळाशी ते बारीक अक्षरात लिहायचे, ‘सांगणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे लिहिले.’ पुढे मागे चौकशी झालीच, तर आपण अडकायला नको.

अशा माणसाला साखरेचा आजार निघाला, तेव्हा नीलम्मांनी, म्हणजे महेश्वरीच्या आईनं, अव्वानं, घरातला साखरेचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला आणि पहाटे उठून कारल्याचा रस काढायला घेतला. अकरा वर्षं. एक दिवस खाडा नाही. अप्पा नाक दाबून रस प्यायचे, पिशवी खांद्याला लावायचे, कुलपाला गरज नसतानाही हात लावायचे आणि टेबलावर जायचे. महेश्वरी तिथेच समोर टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायची. चार वाजता ती त्यांच्या टेबलाशी आली की हॉटेलातून दोन कप यायचे, आणि अप्पा इकडेतिकडे बघून म्हणायचे, ‘‘दोन चमचे. आन् घरी सांगू नको.’’

आयुष्यात त्या माणसानं केलेलं हे एकमेव धाडस. चमचा हलवायची महेश्वरी.

ते गेले त्या दिवशी डॉक्टरांनी कागद भरता भरता विचारलं होतं, ‘‘शुगर बरीच असायची का?’’ अव्वा ताठ मानेनं म्हणाली होती, ‘‘साखर कुठली डॉक्टर? अकरा वरसं झाली, घरात साखर न्हाय.’’ महेश्वरी मागे उभी राहून स्वतःच्या चपला बघत होती. त्या चपला तिनं नंतर कधी घातल्या नाहीत.

वडील गेल्यावर कुणी तीर्थाला जातं, कुणी भावकीशी भांडण काढतं. महेश्वरीनं संगणकावरचा एक खेळ केला. खेळ म्हणजे उड्या मारायचा नव्हे. पडद्यावर चित्र येतं, माणसं बोलतात, मध्येच दोन-तीन उत्तरं समोर येतात. त्यातलं एक आपण निवडायचं आणि गोष्ट त्या वाटेनं पुढे जाते. बोलकी कादंबरीच म्हणा. नाव ‘वरची खोली’. त्यात तहसीलसमोरच्या हॉटेलच्या माडीवर खोली घेऊन दोघी मैत्रिणी स्वतःचा एक खेळ बनवत असतात, आणि तो आवडलेले लोक इंटरनेटवर आधी त्यांना डोक्यावर घेतात आणि मग हे असं का, ते तसं का, म्हणून त्यांचं डोकं खातात. नायिका त्या दोघी. अप्पा खाली टेबल टाकून बसलेले, चार ओळींपुरते.

पण लोकांचं काही सांगता येत नाही. साडेचार हजार जणांनी ‘वरची खोली’चे दोन भाग उतरवून घेतले आणि नायिकांना माडीवर सोडून सगळे खाली अप्पांच्या टेबलाभोवती जमले. कुणी अप्पांना चंद्रावर पाठवलं; चित्रात ते यानाचं कुलूप ओढून बघत होते. दुसऱ्या भागात अप्पा दोनदा खोकतात, त्यावर चाहत्यांच्या ग्रुपवर आठ दिवस चर्चा झाली. शेवटी ‘अप्पा बचाव समिती’ स्थापन होऊन तिसऱ्या भागात त्यांना काही झाल्यास समस्त सभासद खेळ पुसून टाकतील असा ठराव झाला. चाहत्यांच्या हट्टाची थट्टा म्हणून महेश्वरीनं जे जे लिहिलं होतं, ते ते आता तिच्याच अंगावर चालून येत होतं. तिसरा भाग आठ महिने रखडला होता. तिला तो लिहवत नव्हता, पण ते कारण समितीला कळवण्यासारखं नव्हतं.

त्यातच एकदा कुणी विचारलं, अप्पा खरे आहेत का? तिनं लिहिलं, ‘माझे वडील.’ लगेच पुढचा प्रश्न, कसे आहेत? बोटांनी आपणहून लिहिलं, ‘बरे आहेत.’ झालं. ती दोन शब्दांची ठिणगी आता दहा बाय पंधराची झाली होती.

वाढदिवसाची गंमत वेगळीच. खेळात अप्पांच्या ओळखपत्रावर तिनं खरी तारीख उतरवली होती, एक जून. त्या पिढीत तालुक्यातली निम्मी माणसं एक जूनलाच जन्मली. शाळेत घालताना मास्तर विचारायचे, पोरगं कधीचं? बाप म्हणायचा, ज्वारी काढायच्या वक्ताचं. मास्तर लिहायचे, एक जून. अप्पांनी हयातीत कधी वाढदिवस केला नाही. उगाच लक्ष वेधलं जातं, म्हणायचे.

तिनं धनाजीला कळवलं, ‘फ्लेक्स नको. अप्पांना आवडणार नाही.’ त्याचं उत्तर आलं, ‘ताई, तुम्ही पण अप्पांसारख्याच भित्र्या!’ मग तिनं ‘अप्पा आता नाहीत’ असं लिहायला घेतलं. नऊ वेळा लिहिलं आणि नऊ वेळा पुसलं.

शेवटी ती बॅनरची परवानगी देणाऱ्या कचेरीत गेली. कचेरीचं नाव नको. तिथे अजून कामं पडतात. टेबलावर श्रीमंत नावाचे कारकून होते. अप्पांच्या ओळखीतले.

‘‘आक्षेप घ्यायचा आसंल तर ज्याचा फोटो त्याचा अर्ज लागतो,’’ श्रीमंत म्हणाले.

‘‘तो माणूस वारलाय.’’

‘‘मग वारसानं द्यावा. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, दोन झेरॉक्स.’’

महेश्वरीनं पिशवीतून तिन्ही काढून ठेवलं. अप्पांची मुलगी होती. ती भाजी आणायलासुद्धा झेरॉक्स घेऊन जायची. श्रीमंत थोडे खट्टू झाले. त्यांनी परवानगीची फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा पुन्हा खुलला.

‘‘हितं एक अडचण हाय. मंडळानं लिवलंय, ‘सदर चित्र काल्पनिक व्यक्तीचे आहे.’ काल्पनिक माणसाला वारस कसा आसंल?’’

‘‘ते माझे वडील आहेत. तुम्ही ओळखत होतात त्यांना.’’

‘‘म्या ओळखून काय उपेग? कागद ओळखाया पायजे. तुमचे वडील काल्पनिक नव्हते, आसा पुरावा जोडा.’’

तिनं फोनवरचा फोटोच समोर धरला. श्रीमंतांनी चष्मा पुसून मधली ओळ वाचली. मग पुन्हा चष्मा पुसला. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. ‘‘हे... आसं ते सगळ्यास्नीच म्हनायचे काय?’’

‘‘काय?’’

‘‘न्हाय, काय न्हाय. सोमवारी या. साहेब दौऱ्यावर हायत.’’

घरी परतताना तिला शेजारच्या रेवणप्पाकाकांनी ओट्यावरूनच अडवलं. काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ज्या माणसानं जन्मभर भरल्या गाडीत ‘पुढं सरका, लई जागा हाय’ असं म्हटलं, त्याला जगात अडचण अशी दिसतच नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, साखरेच्या ओळीपाशी जरा कान खाजवला आणि मांडीवर थाप मारली.

‘‘फ्लेक्सला औषध फ्लेक्स! माझा बी वाढदिवस एक जूनचाच की. त्याच्यावर माझा लावू. बारा बाय सोळा. खालचा कुनाच्या बापाला दिसत न्हाय.’’

‘‘काका, परवानगी?’’

‘‘जित्या मानसाला परवानगी कोन इचारतंय?’’

‘‘आदी फोटो तरी चांगला काढा,’’ आतून प्रेमाबाई, त्यांच्या मंडळी, म्हणाल्या. ‘‘न्हाईतर बसपासावरला लावचाल.’’

काकांनी बसपासावरलाच लावला. रविवारी संध्याकाळी धनाजीच्या माणसांनी अप्पांना चौकात चढवलं आणि अर्ध्या तासात त्यांच्यावर काका चढले. महेश्वरीनं लांबून बघितलं. अप्पा पुरते झाकले गेले होते. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

सोमवारी उजाडता उजाडता वावटळ उठली. बाकी काही उडालं नाही, नुसता धुरळा, एकदोन पत्रे आणि रेवणप्पाकाका.

सोमवार म्हणजे अव्वाचा महादेवाच्या देवळाचा दिवस, आणि देवळाची वाट चौकातून. ‘‘अव्वा, आज मागच्या रस्त्यानं जाऊ या,’’ महेश्वरी म्हणाली.

‘‘तिकडं गटार फुटलंय.’’

‘‘मग रिक्षा करू?’’

‘‘चार पावलांला रिक्षा? तुला ताप हाय का काय?’’

चौकात माणसं माना वर करून उभी होती. काका डाव्या अंगाकडून फाटून लोंबत होते. एका बाजूला त्यांच्या मिशीचा निम्मा आकडा, दुसऱ्या बाजूला अप्पांचा चष्मा आणि कानामागचं पेन. मधली ओळ सबंध, निर्धोक. खाली प्रेमाबाई कमरेवर हात ठेवून नवऱ्याला विचारत होत्या, ‘‘घरी सांगू नका म्हंजे? काय सांगू नका? तुमच्या मिशीखाली लिवलंय ते!’’

अव्वाचं शिक्षण चौथीपर्यंतचं. तिनं डोळ्यांवर हात धरून एकेक शब्द वाचला. दोन. चमचे. साखर. ओळ संपल्यावर ती पुन्हा सुरुवातीपासून वाचायला लागली. मग ती चष्म्याकडे बघत राहिली. मग देवळात गेली, नेहमीइतक्या प्रदक्षिणा घातल्या, घरी आली आणि पाटावर बसली. एक शब्द नाही. महेश्वरीनं आयुष्यात पुष्कळ भीती बघितली होती, पण ही जात नवीन होती. तिनं गॅसचं बटण तीनदा तपासलं. गॅस पेटवलेलाच नव्हता.

अकरा वाजता दारात जीप थांबली आणि सात जण उतरले. पुढे धनाजी, पंचविशीतला, छापखान्याची शाई नखांत. त्याच्याबरोबर तुळजापूरची करिश्मा, तिच्या हातात स्टीलचा मोठा डबा. एकशे बारा गावांहून चाहत्यांनी अप्पांसाठी साखर पाठवली होती, प्रत्येकी दोन चमचे.

‘‘कोन पायजे?’’ अव्वानं विचारलं.

‘‘अप्पा आहेत?’’ सातही जण वाकून पाया पडले. ‘‘आज वाढदिवस ना त्यांचा.’’

महेश्वरीनं उघड्या दाराची कडी ओढून बघितली.

‘‘आदी बसा,’’ अव्वा म्हणाली. सगळे सतरंजीवर बसल्यावर तिनं सांगितलं, ‘‘ते न्हाईत. दीड वरीस झालं.’’

धनाजीनं महेश्वरीकडे बघितलं. ‘‘ताई, तुम्ही तर म्हणाला होतात, बरे आहेत.’’

‘‘मला लिहवेना,’’ महेश्वरी म्हणाली. एवढंच.

समितीचे दोन सभासद त्यात होते. त्यातल्या एकानं साखरेचा डबा हळूच अव्वाकडे सरकवला. अव्वानं डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, पुन्हा लावलं.

‘‘ते चौकात लिवलंय ते खरं हाय?’’

‘‘हो.’’

‘‘कोन घालायचं साखर?’’

दीड वर्षं ज्या प्रश्नापासून ती पळत होती तो शेवटी असा साधाच निघाला, चहा कुणी केला विचारावं तसा.

‘‘मी.’’

‘‘नीलाक्का, एकली तीच न्हाय,’’ दारातून आवाज आला. रेवणप्पाकाका बायकोपासून सुटका करून घेत आले होते. ‘‘सकाळी टेबलाकडं जाताना गुळाचा खडा म्याच द्यायचो. म्हनायचा, घरी सांगू नको.’’

त्यांच्यामागे श्रीमंत उभे होते. ते आक्षेपाचा कोरा नमुना स्वतः घेऊन आले होते, जे त्या कचेरीच्या इतिहासात पूर्वी घडलं नव्हतं. ‘‘माझ्याकडं बर्फी आसायची,’’ ते नमुन्याकडे बघत म्हणाले. ‘‘दर गुरुवारी. मला वाटलं होतं, म्या एकलाच.’’

महेश्वरीला वाटलं, आता अव्वाचा स्फोट होणार. ती भिंतीला टेकली. पण अव्वा सतरंजीची कड सरळ करत बसली होती.

‘‘म्हंजे सगळ्या गावानं गोड दिलं,’’ ती म्हणाली. ‘‘आन् म्या अकरा वरसं कारलं पाजलं. शेवटल्या दिशी बी पाजलं. नगं म्हनत हुते, तरी पाजलं. जाताना त्यांच्या जिभेवर माझंच कडू हुतं.’’

महेश्वरीच्या भीतीची यादी मोठी होती. अव्वा रागावेल, बोलणं टाकेल, डॉक्टरांना सांगेल, गावाला सांगेल. हे त्या यादीत कुठेच नव्हतं. ती चुकीच्या गोष्टीला भ्यायली होती, इतके दिवस.

‘‘पण काकू,’’ करिश्मा हळूच म्हणाली, ‘‘चहा नको म्हटलं की अप्पा काय म्हणतात, ते माहीत आहे ना तुम्हाला?’’

‘‘कुनाला नगं म्हटलं की?’’

करिश्मानं समजावून सांगितलं. खेळाच्या दुसऱ्या भागात अप्पा माडीवरच्या मुलीला चहा विचारतात. समोर दोन उत्तरं येतात, ‘घेते की’ आणि ‘नको’. सगळे ‘घेते की’ निवडतात. अप्पांना नाही कोण म्हणणार? ‘‘मी अकराव्यांदा खेळले तेव्हा ‘नको’ घेतलं. सगळ्या वाटा बघायची सवय आहे मला. मग अप्पा म्हणतात...’’ तिनं घसा खाकरला, आणि तिच्याही नकळत तिचा हात कानामागे गेला. ‘‘‘बाई, भ्यायला म्या बी भितो. कुलूप चारदा वढतो. पन घरी एकजण पहाटं उठून माझ्यासाटी कारलं काढती. ते पोटात आसतंय, म्हनून तर ह्या दोन चमच्यांची हिंमत हुती. तिच्या भरवशावर पितो म्या.’’’



अव्वानं मान वळवून मुलीकडे बघितलं. ‘‘हे ते म्हनले, का तू जुळवलंस?’’

दोन उत्तरं समोर होती. खेळ करणाऱ्याला एक माहीत असतं, की माणसं वाट निवडतात ती पुढे काय होईल या भीतीनं. पण इथे निवडण्यासारखं काही नव्हतंच. एकदा चार वाजता टेबलाशी महेश्वरीनं चिडून चहाला नको म्हटलं होतं, आणि अप्पा हेच बोलले होते, चमचा हातात धरून.

‘‘सांगणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे लिहिले,’’ ती म्हणाली.

या एका वाक्याखाली चाळीस वर्षांत खोटं अक्षर गेलेलं नाही, हे त्या घरात दोघींनाच माहीत होतं. मग अव्वानं पदरानं तोंड पुसलं, साखरेचा डबा काखेत मारला आणि आत जाता जाता विचारलं, ‘‘चौकातलं ते छापनारा तूच न्हवं का रं?’’

‘‘हो काकू,’’ धनाजी गडबडून उठला.

‘‘मग अर्धंच का लिवलंस? कारल्याचं कुठाय? चार लोक काय म्हनतील, घरची बाई कोन हुती का न्हाय ह्यांना?’’

‘‘मजकुरात बदल केल्यास नवीन परवानगी...’’ श्रीमंत म्हणायला लागले. अव्वानं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ‘‘बर्फी,’’ ती म्हणाली. श्रीमंतांनी नमुन्याची घडी करून खिशात ठेवली.

त्या घरात साडेबारा वर्षांनी गोड चहा झाला. पितापिता धनाजीनं भीत भीत विचारलं, ‘‘ताई, मग तिसऱ्या भागात अप्पा...?’’

‘‘जातात,’’ महेश्वरी म्हणाली. ते तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं होतं. समितीच्या सभासदांनी कपात बघितलं. एकानं डोळे पुसले. खेळ पुसण्याची भाषा कुणी केली नाही.

दुपारी उमरग्याहून कारल्याच्या ओळीची पट्टी छापून आली आणि चौकात चिकटली. काकांची उरलेली मिशी प्रेमाबाईंनी स्वतः उतरवून नेली. चार वाजता अव्वा नवं लुगडं नेसून दारात उभी राहिली. ‘‘चल, बघून येऊ.’’

महेश्वरीनं कुलूप लावलं आणि ओढून बघितलं. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. अव्वा पायरीवर थांबली होती. ती जन्मभर या चार ओढींना हसत आली होती.

‘‘सर की,’’ ती म्हणाली, आणि तिनं पुढे होऊन पाचव्यांदा ओढलं.

कोयंडा तिच्या हातात आला.

दोघींनी त्याच्याकडे बघितलं. दार आपोआप करकरत उघडलं. आत सतरंजी तशीच पसरलेली होती, कप तसेच होते, साखरेचा डबा ओट्यावर उघडा होता.

‘‘ऱ्हाऊ दे,’’ अव्वा म्हणाली. कोयंडा तिनं कमरेला खोचला, आणि दार सताड उघडं टाकून दोघी चौकाकडे निघाल्या.